तीन दिवसांचा नीलम

बीडच्या स्टँडवर एसटी लागली तेव्हा मी आधी स्वतःलाच चार शिव्या हासडल्या. पुण्यात सराफांची रांग लागलेली असताना एका खड्यासाठी एवढी हाडं खिळखिळी करून घ्यायची म्हणजे अक्कल गहाण टाकल्याचंच लक्षण. पण त्याचं असं झालं, ऑफिसात संगणक आले. आमच्या टायपिंगच्या खोलीतल्या आठजणींपैकी सातजणींच्या बदल्या झाल्या आणि खोलीत मी एकटी उरले. त्या सातांतली एक बीडची. तिच्या बोटातला निळा खडा मी वर्षानुवर्षं शेजारून पाहिलेला. जाताना तिनं आपल्या सराफाचा पत्ता दिला होता. माझं वय एकोणपन्नास, लग्न केलेलं नाही, आईला जाऊन वर्ष झालं. म्हटलं, आता आपल्याही बोटात एक नीलम असू दे, कुणी देईल म्हणून किती वाट बघायची?

लॉजच्या मॅनेजरनं रजिस्टर पुढे ओढलं. "संग कोण हाय?"

"कुणी नाही."

"मागून येणार हायत का?"

"मागून नाही आणि पुढूनही नाही," मी म्हटलं. त्यानं मुकाट्यानं किल्ली दिली.

सराफाचं दुकान जुन्या पेठेत. पुढे दुकान, मागे घर. सगळे त्यांना अप्पा म्हणत. सत्तरीचे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. त्यांच्या पत्नी अक्का घराच्या उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होत्या. नीलम म्हणताच अप्पांनी ट्यूबलाइट बंद केली.

"निळा रंग दिव्यात बघू न्हाई, ताई. दिवा लबाड असतो."

दाराशी उजेडात पांढरा कागद अंथरून त्यांनी तीन खडे मांडले. सगळ्यात मोठा मला लगेच आवडला. "जरा सावलीला धरा," ते म्हणाले. सावलीत तो काळाठिक्कर पडला. दुसरा पाण्यासारखा स्वच्छ. अप्पांनी तो वर्तमानपत्रावर ठेवला, तर मधोमध खालची अक्षरं वाचता येत होती. "पैलू उथळ पाडलेत. उजेड आत जातो आन खालून पळून जातो." तिसरा सगळ्यांत लहान, गोकर्णाच्या फुलासारखा निळा. त्यातून अक्षर दिसेना, आणि हलवला की प्रत्येक पैलूतून उजेड परत येई. भिंगातून मात्र आत एक बारीक धागा दिसला.

"यात डाग आहे," मी म्हटलं.

"डाग न्हाई, खूण हाय. आता भट्टीतले खडे यायलेत, लई साफ असतेत. जमिनीतल्यात कायतरी असतंयच."

मी पर्स उघडली, तर अप्पांनी हात आडवा केला. "नीलम असा इकत न्हाईत आमी. तीन दिवस दंडाला बांधा. रोज सांजच्याला यायचं आन दिवसभर काय झालं ते सांगायचं. बरं, वाईट, समदं. कायतरी वाईट झालं तर खडा परत, दुसरा बांधू."

मी असलं काही मानत नाही. पण रजा शिल्लक होती आणि घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. अक्कांनी निळ्या फडक्यात खडा गुंडाळून माझ्या दंडाला बांधला. ना चिठ्ठी, ना सही. या माणसांना वेड लागलंय की काय, असं मला वाटलं.

पहिल्या दिवशी जीपमध्ये कोंबून कपिलधारला गेले. पाऊस सरला होता, तरी धबधबा भरात होता. समाधीचं दर्शन घेऊन लोक गोल करून जेवत होते, मी दगडावर बसून बिस्किटं खात होते. एका कुटुंबानं माझ्या हातात कॅमेरा दिला. मी त्यांचा फोटो काढला. 'तुमचा काढू का?' असं कुणी म्हणालं नाही, आणि म्हणालं असतं तरी तो फोटो दाखवायचा कुणाला?

संध्याकाळी दुकानात गेले. "मंग? जेवलात काय? कोण कोण भेटलं?" अक्कांनी विचारलं. दोन वाक्यांत उरकायचं ठरवलं होतं, पण चांगला अर्धा तास बोलत बसले. कॅमेऱ्याचंही सांगून टाकलं. आई गेल्यापासून माझा दिवस कसा गेला हे मला कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लिंबागणेशला देवळाच्या पायरीवर चपलेचा अंगठा तुटला. आता खडा जातो की काय म्हणून भीत भीत सांगितलं. अप्पा हसले. "चप्पल तुटली म्हंजे पीडा गेली. बरंच झालं की!" अक्कांनी आग्रह करून भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या पिठाची) वाढली. इतकी झणझणीत, की नाकातून पाणी आलं. ते नुसतं तिखटाचं होतं असं मी म्हणणार नाही.

तिसऱ्या दिवशी पाटोद्याचा बाजार. शेळी विकायला आलेल्या एका धनगर बाईनं मला निरखून विचारलं, "कावून एकलीच फिरायलीस बाई?"

"सवय आहे."

"शेळीबी एकली चरत न्हाई बग," ती म्हणाली आणि गिऱ्हाईकाकडे वळली.

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. दिवस छान गेला होता. म्हणजे नीलम लाभला. म्हणजे आज सांगितलं की संपलं, उद्या कुणी विचारणार नाही.

दुकानाची पायरी चढले आणि तोंडातून निघून गेलं, "अप्पा, बसमधून उतरताना पडले. गुडघा चांगलाच फुटला." मनातला हिशेब सरळ होता. हा खडा परत जाईल, दुसरा मिळेल, म्हणजे आणखी तीन संध्याकाळी.

अप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतः फडकं सोडलं आणि माझ्यापुढे हात जोडले. "आमच्या खड्यापायी तुमाला तरास झाला, ताई. ह्यो आता कुणालाच द्यायचा न्हाई." इतका देखणा खडा त्यांनी कागदात बांधून पार मागच्या खणात टाकला. तेवढ्यात अक्का हळद-तेलाची वाटी घेऊन आल्या आणि माझ्या पायाशी बसल्या.

"कुठं लागलं? दाखवा बरं."

मला कुठलाच गुडघा पुढे करता येईना. एकोणपन्नास वर्षांची घोडी मी, तिथं उभ्या उभ्या रडले. "लागलं नाही हो. खोटं बोलले. घरी मला कुणी काही विचारत नाही. इथं तुम्ही विचारत होतात, ते संपू नये असं वाटलं."

अप्पांनी मागच्या खणाकडे पाहिलं. मग म्हणाले, "खडा मुका असतो, ताई. त्याच्या नावावर कायबी खपतंय. तसं करू न्हाई." त्यांना लागलं होतं, मला दिसत होतं. तरी त्यांनी खण उघडला, पैसे मोजून घेतले आणि पुडी माझ्या हातावर ठेवली.

अक्का वाटी धरून तशाच बसून होत्या. "ऱ्हाते म्हनायचं हुतं की," एवढंच म्हणाल्या.

सकाळी निघताना त्यांनी सीताफळांची पिशवी दिली. "एवढी?" म्हटलं, तर वर आणखी दोन घातली.

पुण्याला पोचले. कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या, पुडी आईच्या फोटोपुढे ठेवली. नीलम लाभतो म्हणजे नेमकं काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही. दोन दिवसांनी सगळी सीताफळं एकदम पिकली. सीताफळ थांबत नाही, आणि एकटं माणूस खाऊन खाऊन किती खाणार? मी पिशवी उचलली आणि समोरचं दार वाजवलं. आमच्या दारांमध्ये चार पावलांचं अंतर, आणि मी तिथं बारा वर्षं राहते. एका तरुण बाईनं दार उघडलं.

"मी समोरची," मी म्हटलं. "मी एकटी असते."