कोपऱ्यातली सही

आमच्या गोदामातला पेंटर म्हणजे एक नंबरचा हट्टी माणूस. तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मग छापील पाट्या आल्या आणि धंदा बसला. म्हणून इथे आला. गोदामाच्या फरशीवर काळ्या-पांढऱ्या चौकोनांचे स्टिकर असतात. रोबोट गाड्या ते बघून आपण कुठे आहोत ते ओळखतात. स्टिकर फाटला की नवा चिकटवायचा, एवढंच त्याचं काम.

"ही काय चित्रं म्हणायची? तोल नाही, काही नाही!" असं तो रोज कुरकुरायचा.

एकदा सकाळी एक स्टिकर फाटलेला दिसला आणि नवे संपले होते. गड्याने ब्रश काढला, उडालेला भाग हाताने रंगवला. वर तोल साधावा म्हणून एक चौकोन आपल्या पदरचा काळा केला. दुपारी गाडीने तो स्टिकर वाचला, दुसऱ्याच गल्लीत आहोत असं समजून वळली आणि थेट मांडणीवर आदळली. बरण्यांचा चुरा झाला.

साहेबांनी फरशी पुसणाऱ्या मावशींना धरलं. "पाणी ओतून रंग घालवलात. तो स्टिकर खरवडून काढा आणि उद्यापासून येऊ नका."

पेंटर शेजारीच उभा होता. खाली मान घालून रंगाचा डबा घेऊन निघून गेला.

तीन दिवस त्याला घास गेला नाही. चौथ्या दिवशी मावशी गणवेश परत करायला आल्या, आणि त्याला बाजूला घेऊन त्यांनी तोच खरवडून काढलेला, चुरगळलेला स्टिकर त्याच्या हातात ठेवला. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात त्याची सही होती. प्रत्येक पाटीवर करायचा तशीच. हाताची सवय, दुसरं काय!

"कुणाला दाखवला नाही," मावशी म्हणाल्या. "मला चार घरची कामं मिळतील, भाऊ. तुम्हाला या वयात कोण ठेवणार?"

"मावशींनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं," तो मला नंतर म्हणाला. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

तसाच तो आत गेला आणि स्टिकर साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"यात काय बघू?" साहेबांनी विचारलं.

पेंटरने कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ही सही माझी आहे, साहेब. मावशींना जाऊ देऊ नका."

मावशी दारातच उभ्या होत्या, घडी केलेला गणवेश छातीशी धरून. मागे वळून त्यांच्याकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.