चमचाभर केशरी औषध

माझी धाकटी बहीण चार वर्षांची असताना रडायची, पण डोळ्यांतून टिपूस यायचं न्हाई. कोरडं ठणठणीत रडणं. अप्पा, म्हणजे आमचे वडील, म्हणायचे, "नाटकं करायलीय." दिवेलागणीला ती उंबऱ्यातून हलायची न्हाई, हाक मारली की भांड्यांना ठेचकाळत यायची. तरी नाटकंच! लिहितानासुद्धा डोक्यात तिडीक जाते माझ्या.

आमचं गाव जळकोटच्या अंगाला. लातूर जिल्हा नवाच झालेला. अप्पांनी दुकानासमोर पेढे वाटले होते. त्यानंतर पावसानं लागोपाठ दगा दिला. गाय आटली, भाजीपाला दिसेना. पण आम्ही उपाशी नव्हतो, हे सांगितलंच पाहिजे. किराणा दुकान होतं घरचं. भाकरी आणि पातळ वरण दोन्ही वेळा मिळायचं.

एक दिवस नर्सबाई आल्या. पोरीच्या डोळ्यांवर बॅटरी मारून बघितलं आणि पिशवीतून केशरी औषधाची बाटली काढली. "जीवनसत्त्व कमी पडलंय. आत्ताच चमचाभर पाजा, न्हाईतर डोळे जातील."

तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं अक्कल पाजळली, "अप्पा, त्यात माशाचं तेल असतंय म्हणं."

झालं! अप्पांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. "आमच्या घरात हे चालत न्हाई, बाई."

"मग परसातल्या शेवग्याचा पाला तरी शिजवून घाला."

आईनं नाक मुरडलं, "पाला शेरडं खातेत."

आमच्याच झाडाचा तो पाला खडी फोडणाऱ्या बाया रोज ओटीत भरून न्यायच्या. त्यांची लेकरं दिवस बुडाल्यावरही गल्लीत पळत असायची.

थोड्याच दिवसांत बहिणीच्या उजव्या डोळ्यात फूल पडलं. मग धावपळ, मग लातूरची एसटी. तिथल्या डॉक्टरनं तसलीच बाटली काढली.

अप्पांनी विचारलं, "ह्यात मासळी हाय का?"

"न्हाई हो. कुणी सांगितलं?"

अप्पांनी स्वतःच्या हातानं पाजलं. डावा डोळा वाचला, उजवा गेला.

अहो, हेच नर्सबाईला विचारलं असतं तर जीभ झडली असती का? गिऱ्हाइकाचं ऐकलं, पण जिचं काम तिला एका शब्दानं विचारलं न्हाई.

मी अप्पांना माफ केलं न्हाई. बहिणीनं केलं. ते अंथरुणाला खिळले तेव्हा तीच भरवायची. घास पुढं करताना तिला मान वळवून डाव्या डोळ्यानं त्यांचं तोंड बघावं लागायचं, आणि अप्पा आपले डोळे गच्च मिटून घ्यायचे.

मी शेजारी बसून म्हणायचे, "उघडा की डोळे. बघा तिच्याकडं."