पत्त्याच्या आधी पळसाचं पान

तवा वसरीत आमी चौघंच होतो. आजी, म्हंजी बापाची माय. माझी माय. बा. आन मी, सात-आठ वरसाची. आता त्यातली मीच उरले. मला लिहिता येत न्हाई, नात लिहून घ्यायलीय.

राज निजामाचं होतं. बा वालूरच्या बाजारात पत्त्याच्या जादूचे खेळ दावायचा. माय पळसाच्या पत्रावळ्या लावायची. काडी टोचताना एखांदं पान फाटायचं, आन आजीचं ध्यान तिकडंच.

"पुन्ना फाडलंस का गं? तुझ्या बापानं पळसाचं रान आंदन दिलंय का?"

"न्हाई वो आत्याबाई, बघा की." माय हात पसरायची. तळवा आजीकडं. फाटकं पान हाताच्या मागं, अंगठ्याजवळच्या बोटात आन करंगळीत धरलेलं. मी मायच्या मागं बसायची, मला दिसायचं. मी हसू दाबायची.

एका दिवशी माझ्याजवळ बा बसलेला. त्यानं बघितलं. आजी उठून गेल्यावर म्हनला, "ए, तसंच आजून एकदा कर बरं."

मायनं केलं. बानं पत्ता घेऊन केलं, तर पत्ता पडला.

"करंगळी लय आवळायलाव तुमी. सैल ठिवा."

महिनाभर शिकवलं तिनं.

बाजारात लोक येडे झाले. एकानं इचारलं, "उस्ताद कोन तुमचा?"

"हैदराबादचा हाय एक," बा म्हनला.

माय तिथंच पत्रावळ्या इकायला बसलेली. तिनं ऐकलं. मान खाली घालून गठ्ठा सारखा करीत राहिली.

घरी बाच म्हनला, "बायकूकडून शिकलो म्हनलं तर लोक हसतील गं."

"मी कुठं काय म्हनले?"

पर त्यानंतर तिनं तसा हात कधी केला न्हाई. पान फाटलं की आजीपुढं ठिवायची, बोलनी खायची.

पुढल्या साली तापानं माय गेली.

मायचं तेरावं झाल्यावर बा बाजारात गेला. मी संगं होते. खेळ केला, आन कुनी न इचारता म्हनला, "हे माझ्या बायकूनं शिकवलं." लोक खदाखदा हसले. त्यायला वाटलं, हे बी खेळातलंच. बानं पुन्ना सांगितलं. पुन्ना हसले. त्यानं पत्ते पिशवीत घातले, ते परत काढले न्हाईत.

तवर दुसऱ्या खेळवाल्यायनी बघून बघून तो हात उचलला होता.

तुमच्यात कुनी पत्ता असा हातामागं लपवीत आसल, तर येवढं सांगा, की हे पत्रावळ्या लावनाऱ्या एका बाईचं हाय. लोक हसले तरी सांगा.