सहावे नाव

सौदी अरेबियातील रास तनुराच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातील महाकाय टाक्या ठरावीक काळाने रिकाम्या करून आतून साफ केल्या जातात. त्या वेळी टाकीच्या तोंडाशी एक मनुष्य बसलेला असतो. आत उतरणाऱ्या प्रत्येकाचे नाव तो वहीत लिहितो, उतरलेला बाहेर आला की त्याच्या नावापुढे वेळ मांडतो आणि शेवटचा माणूस उजेडात येईपर्यंत जागचा हलत नाही. दाभोळच्या इब्राहीम सारंग यांनी हे व्रत सव्वीस वर्षे सांभाळले. नोकरी हा शब्द त्याला अपुरा पडतो. भाजून काढणाऱ्या उन्हात, दृष्टीआड गेलेल्या माणसांवर चित्त एकाग्र करून बसणे ही उपासनाच होय.

साठी जवळ आली तशी कॅनडातील कन्येने, अदिबाने, आईवडिलांना कायमचे आपल्याकडे नेण्याचे मनावर घेतले. आईवडिलांना बोलावू इच्छिणाऱ्यांच्या सरकारी सोडतीत तिचे नाव निघाले, अर्जाचे निमंत्रण आले. अर्धे आयुष्य कामगारांच्या कॅम्पात एकट्याने काढलेल्या इब्राहीमभाईंना पत्नी हलिमा, लेक आणि नात अरवा यांच्यासह एका छपराखाली राहण्याची ती एकच वाट दिसत होती.

अर्जात कुटुंबसंख्या लिहायची होती. ती जितकी मोठी, तितके लेकीचे उत्पन्न अधिक हवे. अदिबा, तिचा नवरा तौकीर, अरवा, अब्बा, अम्मी असे पाच जण. पाचांपुरते उत्पन्न होते. सहावा नसरुद्दीन, अदिबाचा थोरला भाऊ. वय एकतीस, समज पाच वर्षांच्या बालकाची. तो दाभोळला अम्मीजवळ राही. अम्मी कॅनडाला गेल्यावर आत्या हाजरा त्याला सांभाळणार होती. नियम मात्र स्पष्ट होता. असे परावलंबी अपत्य सोबत येणार नसले तरी मोजायचेच. आज लपवले, तर पुढे त्याला नेण्याची वाट बंद.

शुक्रवारच्या सुटीत अदिबाने फोनवर अर्जात पाचच लिहिण्याचा आपला बेत सांगितला. नसरूला खाडीपलीकडे जायचेही नको असते. त्याच्या नावापायी सगळ्यांनी का अडून राहावे, असे तिचे म्हणणे. इब्राहीमभाईंनी शांतपणे विचारले, आत किती जण आहेत हे दाराशी बसलेल्याने सोयीने सांगायचे का?

ती हसली. “अब्बा, हा फॉर्म आहे, तुमची टाकी नाही.”

“टाकीतला माणूस संध्याकाळी बाहेर येतो, बेटा. इथे गाळलेला कायमचा आत राहील. सहा लिही.”

“मग यंदा जमणार नाही. आणि पुन्हा नाव निघेल की नाही, कुणी सांगावं?”

“सहा लिही,” ते पुन्हा म्हणाले.

त्या दोन शब्दांपुढे मन नत होते. दाभोळला चौकशी करायला कोणी येणार नव्हते. आणि ज्याच्यासाठी हे चालले होते, त्याला त्यातले काही कळणारही नव्हते. तरी या मनुष्याने आपल्या वार्धक्याचे एकमेव स्वप्न निःशब्दपणे बाजूला सारले.

अदिबाने सहा लिहिले. तपासल्या जाणाऱ्या मागील तीन वर्षांपैकी एका वर्षाचे उत्पन्न थोडे कमी पडले आणि निमंत्रण वाया गेले. इब्राहीमभाईंनी हे हलिमाला स्वतः कळवले. तिने विचारले, किती लिहिले? सहा, हे ऐकल्यावर म्हणाली, “मग तुम्हीच या इकडे.”

त्यांनी राजीनामा दिला, इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, परत केला आणि ते दाभोळला आले. कॅनडा म्हणजे काय, हे नसरूला ठाऊक नाही. या वेळी सुटी संपली तरी अब्बा परत गेले नाहीत, एवढेच तो येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगतो.