सूर्याबरोबर आलेला ग्रह

तीस वर्षं मी वर्गात ठणकावून सांगितलं, की तारा स्फोट होऊन मेला की त्याच्याभोवती ग्रहबीह काही उरत नाही. निवृत्तीनंतर शाळेनं व्याख्यानाला बोलावलं म्हणून वाचायला बसलो आणि उडालोच. वृश्चिक राशीत ज्येष्ठा ताऱ्याजवळ ताऱ्यांचा एक फार जुना गुच्छ आहे, आणि त्यातल्या एका पल्सारला चक्क ग्रह आहे! पल्सार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा गरगर फिरणारा गोळा. त्याचे ठोके घड्याळासारखे नेमानं येतात. ते किंचित मागेपुढे होताना दिसले, त्यावरून हा ग्रह सापडला. म्हणजे इतकी वर्षं मी पोरांना थापाच मारत होतो! चहा समोर गार होऊन गेला.

व्याख्यान आधी स्वयंपाकघरात वाचून दाखवायची माझी जुनी खोड. श्रोता एकच, भाकऱ्या थापणारी सून. तिला कळलं की वर्गाला कळतं. माझा मुलगा जाऊन तीन वर्षं झाली होती. तिचं दुसरं लग्न मीच जमवलं होतं, बार्शीच्या एका विधुराशी, आणि चारचौघांत त्याबद्दल माझं कौतुकही करून घेत होतो. सहा वर्षांची नात मात्र आमच्याकडेच राहणार होती. आमच्यात पोर बापाच्या घरी राहतं. त्यात सुनेला विचारण्यासारखं काही आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मी वाचत होतो, "गुच्छाच्या मध्यावर ताऱ्यांची गर्दी, दिवाळीतल्या नवी पेठेच्या बाजारासारखी. त्या गर्दीत एक तारा आपला ग्रह घेऊन शिरला. पल्सारचा आधीचा जोडीदार सुटला आणि या ताऱ्याशी त्याची जोडी जमली. आता ग्रह त्या दोघांभोवती फिरतो, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे."

भाकरी थापायचा आवाज थांबला.

"मामा, त्यो ग्रह मागं न्हाई राहिला?"

"कसा राहील? त्याच्या सूर्याची ओढ होती की त्याला," मी मास्तरी थाटात म्हणालो.

"आन् माझ्या पोरीला माझी न्हाई व्हय?"

तिनं मान वर केली नव्हती. तीन वर्षांत तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि तिचं गप्प राहणं मी होकार धरून चाललो होतो. तव्यावरची भाकरी करपली तरी दोघंही जागचे हललो नाही.

शेवटी मी बाहेर येऊन बार्शीला फोन लावला. "पाहुणे, सून एकटी यायची नाही. नातही येईल. चालेल का?"

पलीकडून उत्तर आलं.

"सर, त्यांनी पयल्या भेटीतच सांगितलंय की. पोरगी संगं आली तर लग्न, न्हाईतर न्हाई. तुमाला कसं सांगायचं, तेवढंच त्यांना उमगंना."

मी फोन ठेवला. आत ती पुन्हा भाकरी थापत होती. आत जाऊन तिच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.