तीन डब्यांना चांदी: करंजाडे ते दिघा, परतीला दिवाळे

आम्हा हॅम रेडिओवाल्यांचा, म्हणजे हौशी बिनतारीवाल्यांचा, रिपीटर बेलापूरच्या टेकडीवर एका बिल्डिंगच्या गच्चीत आहे. लांबून आलेला बारीक आवाज तो ऐकतो आणि त्याच क्षणी मोठ्याने पुढे पाठवतो. स्वतःच्याच आवाजाने कान बधिर होऊ नयेत म्हणून त्याला सहा तांब्याचे डबे जोडलेत, म्हणजे फिल्टर. ते गेला महिनाभर नीट गाळत नव्हते. उरणच्या सुमनताईंना दिसत नाही, घराबाहेर पडणंही जमत नाही. त्या रोज सकाळी सातला छोट्या सेटवर येतात. त्यांचं ‘सुप्रभात’ आधी ‘सुप्र’ झालं, मग तेही गेलं.

“डब्यांना आतून चांदी लावू,” मी म्हणाले. एवढ्या फ्रिक्वेन्सीला वीज धातूच्या नुसत्या कातडीतून धावते आणि चांदीतून सगळ्यात सुखाने, असं वाचलं होतं.

“उज्ज्वला, तांब्याला काय धाड भरलीय?” आमच्या सोसायटीतले कांबळेकाका म्हणाले. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. शेवटी तह झाला: तीन डबे माझे, चांदीचे, तीन काकांचे, तांब्याचेच. काकूंनी फक्त ‘चांदी’ ऐकलं आणि कपाटातल्या वाट्या मोजून आल्या.

गुरुवारी सकाळी करंजाडेहून निघालो. पनवेल सोडलं की हायवे, पुढे ठाणे-बेलापूर रोड. दिघ्यापर्यंत सव्वा तास धरा. पार्किंग शोधू नका, नाहीये. प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देण्याच्या, गाळ्यात मालकीणबाई शिंदे. डबा उलटा करून बघितला.

“काय ठिवायचं ह्यात? लाडू?”

“आवाज गाळायचाय,” मी म्हणाले. “चांदी आतून हवी.”

“आतून? आतून कोन बगतंय ताई?”

“तेच म्हणतोय मी!” काका एकदम खुशीत.

चकाकी यावी म्हणून खाली निकेल देते, असं बाई म्हणाल्या. निकेल नकोच, त्याने काम बिघडतं, हे मी तीनदा सांगितलं. कोपऱ्यावरच्या टपरीत झुणका-भाकर खाल्ली. तिथे जाणार असाल तर ठेचा बेताने घ्या. काकांना परतीचा अख्खा रस्ता बोलता आलं नाही, त्यामुळे प्रवास सुखाचा झाला.

शनिवारी डबे आणले. आतून चांदी अगदी छान बसली होती, आणि बाहेरूनही. “बाहेरची फुकट दिली,” शिंदेबाई म्हणाल्या. “चार लोकांनी बगायला नको?”

बेलापूरला येताना काकांनी दिवाळे गावच्या मासळी बाजारापाशी गाडी थांबवायला लावली आणि सुकट घेतली. काच उघडी ठेवूनही उपयोग झाला नाही. बिल्डिंगच्या लिफ्टपाशी वॉचमनने नाक मुरडलं.

“मॅडम, डब्यात मच्छी हाय काय?”

गच्चीत एकेक डबा मीटरवर लावला. माझे तिन्ही झगझगीत, पण आकडा होता तिथेच. काकांचे तिन्ही कळकट, पण आकडा सरस. मी मीटर बंद करून परत चालू केला. तरी तेच.

“काय केलंत तुम्ही?”

“आतली बोटं बदलली.” डब्यात सरकणाऱ्या दांड्याला टेकणाऱ्या पितळी पट्ट्या काळ्या आणि ढिल्या झाल्या होत्या. काकांनी गुपचूप नव्या बसवल्या होत्या. माझ्या डब्यांसाठीच्या पट्ट्याही त्यांच्या खिशातच होत्या! त्या लावल्यावर माझे डबे काकांच्या पुढे गेले, पण केसभर. तो केस बघायला काकांना चष्मा पुसावा लागला.

रविवारी सकाळी मी घरी चहा घेऊन सेटपाशी बसले. सात वाजले आणि पूर्ण, अख्खं ‘सुप्रभात’ आलं. मी उत्तर द्यायला बटण दाबणार, तेवढ्यात काका त्यांच्या घरच्या सेटवरून म्हणाले, “सगळा उज्ज्वलाच्या चांदीचा प्रताप.”

जिंकलेल्या माणसाने असं बोलावं? मी खरं काय ते सांगून टाकलं: आधी सांधे पुसा, पट्ट्या बदला, तांबं असेल तर चांदी म्हणजे निव्वळ हौस. दिघ्याला जायला माझी ना नाही, पण शिंदेबाईंना भेटायला जा.

सुमनताई हसल्या. “असू दे गं. पण दिसतात कसे ते डबे, सांग ना.”

मी सांगायला लागले. उन्हात कसे दिसतात, काकांचं तोंड त्यात कसं लांबुळकं झालं होतं, बाहेरची चांदी का फुकट मिळाली. इतकी रंगले की रिपीटरने मला मध्येच गप्प केलं; कोणी फार वेळ बोललं की तो आपोआप तोडतो.

ताईंचा आवाज आला, “हां, पुढे?”