रेडिओचा बिल्ला

वृद्धाश्रमातल्या त्या सेविकेला सगळे रेडिओ म्हणत. सकाळी तिचा पाय उंबऱ्याच्या आत पडला की प्रक्षेपण सुरू, ते संध्याकाळी चपला घालेपर्यंत. बटण कुठे आहे ते तिच्या नवऱ्यालाही सापडलं नव्हतं. चादरी बदलताना, केस विंचरताना बातम्या चालूच. म्हातारी माणसं मात्र तिच्यावर जीव टाकत. त्यांच्याकडे बाहेरचं जग खिडकीतून कमी आणि रेडिओच्या तोंडून जास्त येई.

जन्मभर कपडे शिवलेले टेलरकाका तर तिचे हक्काचे श्रोते. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांना गिळायला जड जाई. दुपारचं जेवण तीच भरवी. मध्येच जोराचा ठसका लागे. ती पाठ चोळून म्हणे, "वय झालं काका, घसाही म्हातारा होतोच की!"

आणि मग नवा नियम आला. प्रत्येकीने फोनवर कामाचे धडे बघायचे, प्रश्न सोडवायचे. पास झालं की त्या कामाचा बिल्ला. भरवण्याचा बिल्ला नसेल तर चमच्याला हात लावायचा नाही.

रेडिओने लगेच नवी सेफ्टी पिन आणून ठेवली. घरी तिची मुलगी हसून लोळायला लागली. "अगं आई, बिल्ला फोनमध्ये येतो. पिन काय स्क्रीनला टोचणार?"

"मग लोकांना दिसणार कसा?"

"तू दाखवायचा."

"म्हणजे काम करायचं मी, आणि दवंडीही मीच पिटायची!" दवंडीचं तिला तसं वाईट वाटलं नव्हतं.

हात धुण्याचा बिल्ला आला, उचलून बसवण्याचा आला. भरवण्याचा काही येईना. घोडं एकाच प्रश्नावर पेंड खात होतं : घास तोंडात असताना माणसाला बोलतं करावं का? रेडिओ दर वेळी 'हो' दाबायची. माणूस गप्प बसून जेवतो तरी कसा?

"धडा नीट ऐकलास का?" मुलीने विचारलं.

"ऐकला की." ऐकला होता खरा, पण ऐकता ऐकता शेजारणीच्या जावयाची हकिगत मुलीला सांगत ऐकला होता.

देखरेखीच्या बाईंनी निकाल दिला, "तुझा बिल्ला येईपर्यंत काकांना घुमी भरवेल."

घुमी म्हणजे तिच्या जोडीची सेविका. घुमीच्या तोंडून शब्द काढायचा तर पक्कड लागायची. रेडिओच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बाई, तिच्यापेक्षा भिंत बरी, निदान हाक मारली तर प्रतिध्वनी तरी येतो! काका तिच्यासमोर तोंड उघडायचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चादरींचा गठ्ठा घेऊन दाराशी रेंगाळली. काकांनी तोंड उघडू नये, अशीच खरं तर तिची इच्छा होती. काकांनी उघडलं. घुमीने चमचा दिला, त्यांच्या गळ्याकडे बघत थांबली, मग दुसरा दिला. वाटी संपली तरी ठसका नाही.

रेडिओ ठसक्याची वाट बघत तशीच उभी राहिली. मग तिला आठवलं, काकांना ठसका लागे तो हसताना. किंवा चमचा तोंडात देऊन ती विचारी तेव्हा : "सांगा काका, मग ती काय म्हणाली असेल?" म्हणजे ते म्हातारपण नव्हतं, ते प्रक्षेपण होतं.

घरी आल्या आल्या ती मुलीला म्हणाली, "लाव तो धडा. आणि मी बोलले की चिमटा काढ."

धडा संपला तेव्हा दंड लाल झाला होता. पण घास श्वासनलिकेत गेला तर काय होतं, ते सगळं तिने ऐकलं होतं. तिने 'नाही' दाबलं. स्क्रीनवर चमच्याचं चित्र असलेला हिरवा गोल उमटला.

"अगं, आला बिल्ला! तोंड का पाडलंस?"

"मी त्यांना हसवत होते, की त्यांचा जीव घेत होते गं?"

एरवी मुलीने टोमणा हाणला असता. या वेळी म्हणाली, "थोडं थोडं दोन्ही, आई. आता एकच कर."

दुसऱ्या दिवशी रेडिओने काकांना पहिला चमचा दिला आणि मूग गिळून बसली. काका डोळे वटारून बघायला लागले. घास उतरल्यावर जड जिभेने म्हणाले, "स्टेशन... बंद?"

तिने फोन पुढे धरला. काकांनी बिल्ला निरखला. "शिलाई... कुठंय?"

"नशीब, काज-बटण नाही विचारलंत! बरं, तोंड रिकामं ना? मग ऐका. शेजारणीचा जावई नुसत्या टॉवेलवर गॅलरीत आला आणि मागे दार लागलं."

काका मनसोक्त हसले. ठसका नाही. हसू पुरतं ओसरल्यावर तिने दुसरा चमचा दिला आणि तोंड मिटलं.

"मग?" दारातून आवाज आला. तिथे घुमी उभी होती! "टॉवेलचं काय झालं?"

रेडिओने ओठांवर बोट ठेवलं आणि काकांच्या गळ्याकडे दाखवलं. दोघी तिकडेच बघत राहिल्या. गळा हलला. काकांनी मोठा आ करून तोंड रिकामं असल्याचं दाखवलं.

"हं," रेडिओ म्हणाली, "तर तेवढ्यात आला वारा..."